खड्ड्यात गेलेली चित्रं आणि इंदूरचे पाच दिवस

दिवस पहिला, षष्ठी

पितृपक्षात कुठे निघालीस, या दिवसांत नवीन काम सुरू करू नये, असं सासूबाई म्हणाल्या तेव्हा मी म्हटलं नवीन कुठे, चांगलं साठ-सत्तर वर्षांचं जुनं काम आहे. झालं असं की आमच्या आत्ते-मामे भावंडांच्या ग्रुपवर कुणाच्या तरी डोक्यात आलं की माईची नव्वदी होऊन गेली, तिच्या चित्रांचे नीट फोटो काढून यादी करायला पाहिजे, मग सगळ्यांनी भराभर अंगठे टाकले, आणि माझी रजा शिल्लक होती, मोबाइल नवा होता, म्हणून काम माझ्या गळ्यात. माई म्हणजे माझी आत्या, बाबांची सगळ्यात मोठी बहीण. माहेर इंदूरचं, रामबागेतलं, आणि लग्नानंतर राऊच्या पुढे महूकडे जाताना आत वळलं की लागतं ते शेत. अकरा एकर, एक विहीर, चार म्हशी, आता दोनच. माई चित्रकार आहे. आमच्या घरात मात्र "माई चित्रं काढते" असं म्हणायचे, अमकी पापड चांगले लाटते म्हणतात ना तसं.

मुंबई सेंट्रलहून अवंतिका संध्याकाळी सुटते, रतलाम कधी गेलं कळलं नाही, उज्जैनला चहावाल्याच्या आवाजाने जाग आली. खिडकीबाहेर काळी माती आणि पिवळं पडत आलेलं सोयाबीन, मैलच्या मैल. स्टेशनवर दादा घ्यायला आला होता. दादा म्हणजे माईचा मुलगा, वय सहासष्ट, गुडघे दुखतात, पण इंदूरला आलेल्या माणसाला पोहे न खिलवता घरी न्यायचं म्हणजे त्याला पाप वाटतं. तर पोहे, वर सेव, जिरावन मसाला, बाजूला गरम जिलेबी, आणि तो उभ्या उभ्या विचारतोय, "पुण्या-मुंबईत अशे मिळतात का? खरं सांग." मी खरं सांगितलं. राजवाड्यावरून गाडी घेतली, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, लहानपणी मी ते मोजत बसायचे, अजूनही मोजले. रस्ते इतके स्वच्छ की जिलेबीचा कागद हातात धरून मला चोरट्यासारखं वाटायला लागलं. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेत देशात पहिलं येतंय आणि दादाने ते मला राऊ येईपर्यंत तीनदा ऐकवलं.

माई ओसरीत खाटेवर बसली होती, मांडीत सूप, सुपात भोपळ्याचे वाळलेले देठ. मी पाया पडले तर म्हणाली, "आलीस का बेटा. खाना खाल्ला की भुकीच आहेस?" आणि उत्तर ऐकायच्या आधी माझ्या हातातला तो जिलेबीचा तेलकट कागद काढून घेतला, मांडीवर पसरला, तळहाताने सपाट केला नि उशीखाली सरकवला. बोटं वाकडी झालीत, सांधे सुपारीसारखे. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन दहा वर्षं झाली. कानाने कमी ऐकते, पण जे ऐकायचं नाही तेच कमी ऐकते असं वहिनीचं मत आहे.

संध्याकाळी मी यादीचा विषय काढला. माई म्हणाली, "कर ना, फिरून बघ, सापडतील तेवढी लिही." मला वाटलं नम्रपणा.

दिवस दुसरा, सप्तमी

नम्रपणा नव्हता.

माझ्या डोक्यात असं होतं की एखादी ट्रंक असेल, गुंडाळलेले कॅनव्हास असतील, मी एकेक उलगडून उजेडात धरीन आणि मोजपट्टी लावीन. ट्रंक होती. तिच्यात गोधड्या निघाल्या. सकाळी आठ ते दुपारी एक मी घर, गोठा, माळा सगळं पालथं घातलं तेव्हा एकूण तेवीस वस्तू झाल्या, आणि त्यातली भिंतीवर टांगता येतील अशी फक्त सहा. बाकीची कुठे तर धान्याच्या कोठीच्या पत्र्यावर, गोठ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला (म्हशी बाहेरून दिसत नाहीत पण दारावर आतून दिसतात, हे मला फार आवडलं), मोडलेल्या बैलगाडीच्या फळीवर, कॅलेंडरच्या पाठीवर, खताच्या गोणपाटावर, पिठाच्या डब्यावर. एक पाटी आहे शाळेची, लाकडी चौकटीची, तिच्यावर ऑइल कलरमध्ये झोपलेलं बाळ. ते बाळ दादा. ग्रुपवर फोटो टाकले तर न्यू जर्सीवाल्या भावाचा लगेच मेसेज, ऑइल किती, ॲक्रिलिक किती, साइज इंचात टाक. मी लिहिलं, साइज एक पिठाचा डबा, मोठा.

दुपारी जेवणं झाल्यावर वीज गेली आणि माई बोलायच्या मूडमध्ये आली. हे सगळं मी तुकड्या-तुकड्यांनी ऐकलंय, ती क्रमाने सांगत नाही, मधेच म्हशीकडे जाते.

इंदूरला दत्तात्रेय देवळालीकरांनी १९२७ साली चित्रशाळा सुरू केली. चित्रकार ना. श्री. बेंद्रे त्यांचेच विद्यार्थी, १९१० साली इथे इंदुरातच जन्मलेले, पुढे १९५० साली बडोद्याच्या विद्यापीठात शिकवायला गेले. एम. एफ. हुसेन यांनीही सुरुवातीचे धडे इथेच गिरवले. माई या सगळ्यांच्या बरीच नंतरची, १९५१ ची. मुलींनी तिथे जायचं म्हणजे काय हे तेव्हा रामबागेत कुणाला कळत नव्हतं, आजोबांनी पाठवलं कारण फी कमी होती आणि शिवणकामाच्या क्लासला जागा नव्हती, असं ती सांगते, आणि मला वाटतं ते अगदी खरं असेल. चार वर्षं शिकली. शेवटचं वर्ष राहिलं नि १९५५ मध्ये लग्न. परीक्षा द्यायची राहून गेली. "मग वाईट वाटलं का?" मी विचारलं. तर म्हणाली, "त्या वर्षी लई पाऊस होता, वाईट वाटायला वेळ कुठे."

लग्नाआधी गावाबाहेर जाऊन उभ्या उभ्या लँडस्केप करायची सवय. इंदूरच्या चित्रकारांना ते वेडच, उघड्यावर जाऊन माळवा रंगवायचा. आणि इथे आली तर चारही बाजूंनी तेच लँडस्केप, फक्त त्याच्यात आता शेण काढायचं होतं. पहाटे चारला उठायचं, म्हशी, सासऱ्यांचा चहा, भाकऱ्या, शेतावरच्या गड्यांचं जेवण, दुपारी दोन ते साडेतीन एवढा दीड तास तिचा. त्या दीड तासात मुलं झोपायची. म्हणून तिच्या जुन्या कामात सगळी मुलं झोपलेलीच आहेत, हे मला आज पाटीवरचा दादा बघून पहिल्यांदा लक्षात आलं, मी म्हटलंसुद्धा, तर ती वैतागली. "जागी असली की बसत होती का ती? माकडं होती. झोपली म्हणून तर हात-पाय मिळाले काढायला." तीन मुलं, दोन मुली आणि मधला दादा.

रंग संपले की इंदूरला कुणी जाईपर्यंत महिना-महिना थांबायचं. मग तिने गेरू, खडिया म्हणजे पांढरी माती आणि पिवळी पेवडी वापरायला सुरुवात केली, जी इथल्या बायका मांडणा काढायला घरात ठेवतातच. शेणाने सारवलेल्या जमिनीवर गेरूने आणि खडियाने मांडणा काढायचा, दिवाळीला तर अख्खं अंगण, हे तिने शेजारच्या मालवी बायकांकडून शिकून घेतलं, "चित्रशाळेत पर्स्पेक्टिव्ह शिकले नि इथे येऊन सपाट शिकले" असं म्हणाली. मला हे वाक्य लिहून घ्यायचं होतं पण फोन चार्जिंगला होता आणि वीज नव्हती. ब्रश झिजले तेव्हा वासराच्या कानातले केस कापून, मोराच्या पिसाच्या नळीत बसवून, दोऱ्याने बांधून ब्रश केले. मी म्हटलं वासरू बसू देत होतं? म्हणे, वासरू मुलांपेक्षा बरं.

विष्णू चिंचाळकरांचा विषय निघाला, सगळं इंदूर ज्यांना गुरुजी म्हणायचं. वाळकी पानं, मुळं, बिया, फेकलेली कसलीही वस्तू, त्यात त्यांना माणूस दिसायचा, पक्षी दिसायचा, नि ते थोडंसंच काही करून आपल्यालाही दाखवायचे. २००० साली गेले. माई हसायला लागली. "गुरुजींनी पानात माणूस दाखवला, लोक वा वा म्हणाले. मी भोपळ्याच्या देठात कोंबडी दाखवली तर सासूबाई म्हणाल्या, देठ फेक नि सब्जी चिर." तरी देठ काही फेकले नाहीत, ते कालच्या सुपात बघितलेच मी.

संध्याकाळी छोटीने, म्हणजे दादाच्या नातीने, अंगणाच्या भिंतीवर शेणाचा सातिया, म्हणजे स्वस्तिक, काढला. संजा सुरू आहे. माळव्यात पितृपक्षाचे सगळे दिवस मुली भिंतीवर ताज्या शेणाने रोज वेगळी आकृती करतात, वरून फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, सप्तमीला सातिया, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, नवमीला डोकरा-डोकरी, असं ठरलेलं असतं. गाणी म्हणतात, आरती, मग खिरापत ओळखायची, आपल्या भोंडल्यासारखंच, नाहीतर खानदेशातल्या गुलाबाईसारखं. आपल्याकडे मात्र पितृपक्ष म्हणजे नुसतं पंचांग, कावळा नि गप्प बसणं. इथे त्याच पंधरा दिवसांत भिंतीवर तेरडा आणि पिवळी कण्हेर. सातियाचा एक हात छोटीकडून आखूड झाला तर माईने वाकड्या बोटाने एक शेणाचा गोळा लावून तो लांब केला, काही न बोलता, नि हात परकराला पुसले. म्हणजे तिच्या लुगड्याला. ती अजून नऊवारीच नेसते.

दिवस तिसरा, अष्टमी

आज मी सरळ विचारलं, बाकीची चित्रं कुठे गेली.

"खड्ड्यात," दादा म्हणाला. मला वाटलं चिडून म्हणतोय. तो मला खरंच गोठ्यामागच्या खड्ड्याकडे घेऊन गेला.

इथे थोडं मागे जावं लागेल. माईचे सासरे इंदूरच्या त्या वनस्पती संस्थेत मुकादम होते. अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज शेतीतज्ज्ञ, त्याने होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर १९२४ साली ती संस्था उभी केली, नवरा-बायको दोघंही शास्त्रज्ञ, आणि शेतातल्या कचऱ्यापासून खत करायची जी रीत तिथे बसवली ती जगात "इंदूर पद्धत" या नावानेच गेली. १९३१ मध्ये यशवंत वाड यांच्याबरोबर त्याने ते सगळं पुस्तकात लिहिलं आणि त्याच वर्षी इथून गेला. १९३५ साली गांधीजी इंदूरला आले होते तेव्हा त्यांनीसुद्धा हे खड्डे जाऊन पाहिले. आपल्याकडे सेंद्रिय सेंद्रिय म्हणून जे महागडं विकतात त्याच्या मुळाशी हे आमच्या इंदूरचे खड्डे आहेत, आणि खुद्द इंदुरात किती जणांना माहीत असेल देव जाणे.

पद्धत अशी. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण, त्यावर गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि चुलीतली राख, पाणी शिंपडायचं, पुन्हा थर. तुरीच्या, कापसाच्या कडक काड्या असल्या तर त्या आधी रस्त्यावर पसरायच्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यायच्या. आतून खड्डा इतका तापतो की हात घालवत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पलटी मारायची, मग अजून दोनदा, हवा लागली पाहिजे नाहीतर सडतं नि वास मारतं. तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, जंगलातल्या मातीसारखा वास. सासरे हे शिकून आले आणि घरी खड्डा खणला, आतोबांनी तो चालवला, आतोबा २००३ साली गेले तेव्हापासून माई बघते. म्हणजे आता खाटेवर बसून ओरडते, पलटी दादाचा गडी मारतो.

तर १९८७ साली, पावसाळ्यात, माळ्यावर ठेवलेल्या चित्रांना वाळवी लागली. बत्तीस वर्षांचं काम होतं. कागदावरची स्केचेस, वॉटरकलर, मुलं, म्हशी, विहीर, सोयाबीन यायच्या आधीचा माळवा. हेही मला आज समजलं की पूर्वी इथे पावसाळ्यात काळी रानं मोकळी ठेवायचे, चिखलात पाय ठेववत नाही म्हणून, आणि ओल धरून ठेवून हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचे. सोयाबीन सत्तरच्या दशकात आलं नि मोकळं रान संपलं. माईच्या स्केचेसमध्ये ते मोकळं काळं रान होतं. पावसात भिजलेलं, रिकामं, क्षितिजापर्यंत. दादा सांगत होता, त्याला आठवतं, नुसता काळा आणि करडा, लहानपणी त्याला वाटायचं आईने चित्र पूर्ण केलेलं नाही.

माईने माळ्यावरून गठ्ठे खाली आणले, अर्धे हातातच भुगा झाले. दोन दिवस ओसरीत पसरून बसली. तिसऱ्या दिवशी निवडायला बसली, गहू निवडतात तसं. कॅनव्हासवरची ऑइल वेगळी काढली, जी वाचवण्यासारखी होती ती ठेवली, बाकीची जमिनीत पुरली पण लांब, बांधाच्या पलीकडे, कारण त्यांच्यात फ्लेक व्हाइट हा पांढरा रंग होता आणि फ्लेक व्हाइटमध्ये शिसं असतं, ते खतात गेलं तर गव्हात जाईल. आणि कागदावरचं सगळं, टोपल्या भरून, खड्ड्यात. थर, शेण, राख, पाणी.

मी तिथेच बांधावर बसले. रडू आलं असं लिहिलं असतं पण आलं नाही, राग आला. १९८७ साली मी दहा वर्षांची होते, आम्ही सगळी भावंडं दर मे महिन्यात इथे असायचो, आंबे खायचो, विहिरीत डुंबायचो, माईने एखादं चित्र दाखवलं तर "छान आहे" म्हणून पळायचो. मोठी माणसंही तेच करायची, फक्त पळायची नाहीत, चहा मागायची. कुणीही एक लोखंडी कपाट आणून दिलं नाही. माझ्या बाबांनी नाही, काकांनी नाही. त्या वर्षी डोंबिवलीला आमच्याकडे फ्रिज आला होता, मला चांगलं आठवतंय. वाळवीला एकटीला नावं ठेवून काय होणार.

परत येऊन माईला म्हटलं, निदान वाळवी लागलेलेच तुकडे ठेवायचे, हल्ली जोडता येतात, कंझर्वेशन करणारे लोक असतात. ती लसूण सोलत होती. "कागद होता," म्हणाली. "गवतच ते. त्या वर्षी गहू चांगला झाला." मग बऱ्याच वेळाने, मी उठून जायला लागले तेव्हा, "दोन महिने हातात पेन्सिल नाही धरली मी. तुझ्या आतोबाने मग बोरी फाडून दिली, म्हणाला ह्याच्यावर काढ, हिला वाळवी उशिरा लागते." गोठ्याच्या दारावरच्या म्हशी आणि कोठीचा पत्रा त्यानंतरचा. पत्र्याला वाळवी लागतच नाही.

ग्रुपवर मी हे काहीच लिहिलं नाही. न्यू जर्सीला सांगितलं, साइज उद्या टाकते.

दिवस चौथा, नवमी

माई म्हणाली इंदूरला जायचंय. वहिनी म्हणाली मेडिकलमधून गोळ्या आणायच्यात तर दादा आणेल, माई म्हणाली मला जायचंय. नव्वदीच्या बाईला गाडीत बसवणं म्हणजे अर्धा तास, पण एकदा बसली की मग तिची मान सतत फिरत होती, हे काय नवीन बांधलं, ते चिंचेचं झाड कुणी तोडलं.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी थांबायला लावलं. होळकरांच्या छत्र्या, म्हणजे समाधिस्मारकं, दगडी, कोरीव, खाली कान्ह नदी. चित्रशाळेची मुलं इथे येऊन बसायची, तीही, डोक्यावर पदर आणि हातात बोर्ड, लोक गोळा व्हायचे, चित्र बघायला कमी आणि चित्र काढणारी बाई बघायला जास्त. "वॉटरकलरला पाणी नदीतूनच घ्यायचो," म्हणाली. मग कठड्यावरून खाली पाहिलं. "आता घेतलं तर रंग टाकायची गरज नाही." मी हसले, दादाला वाईट वाटलं, त्याने पुन्हा स्वच्छतेतला पहिला नंबर सांगितला, आणि ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा मोठा प्लांट २०२२ मध्ये सुरू झाला तेही. माई म्हणाली, "ओला वेगळा सुका वेगळा मी छप्पन्न सालापासून करून राहिले, मला कोणी नंबर दिला?" हे मात्र तिने अगदी गंभीरपणे विचारलं, दादाला उत्तर सुचेना.

परत येताना गाडीत तिने तिच्या एकमेव प्रदर्शनाची गोष्ट सांगितली, १९७८, इंदूरलाच, मैत्रिणींनी मिळून केलेलं. तीन दिवसांत दोन चित्रं गेली. घेणाऱ्याने पैसे एकाचेच दिले, दुसऱ्याचे पुढच्या महिन्यात देतो म्हणाला. तो माणूस कधीच वारला, नाव मी मुद्दाम लिहीत नाही, पण माईला रक्कमसुद्धा पाठ आहे, दीडशे. बत्तीस वर्षांचं काम खड्ड्यात घालताना ही बाई शांत असते आणि सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचे दीडशे रुपये हिला अजून डाचतात. मला ते फारच बरं वाटलं.

संध्याकाळ झाली. नवमी, म्हणजे संजात डोकरा-डोकरी, म्हातारा आणि म्हातारी. शेजारच्या चार-पाच मुली आल्या. आपल्याकडे हीच अविधवा नवमी. माईची थोरली मुलगी, आमची ताई, चौतीस वर्षांची असताना गेली, कावीळ झाली होती. तिचं श्राद्ध सासरी उज्जैनला होतं, त्यामुळे इथे विधी काही नाही, वहिनीने सकाळी फक्त एक पान वेगळं वाढून गाईला दिलं होतं, कुणी त्यावर बोललं नव्हतं.

मुलींनी म्हातारा केला, काठी घेऊन उभा. म्हातारी करताना भांडण लागलं, नाक कसं करायचं, अंबाडा कुठे. माई खाटेवरून उठली. दादा धरायला गेला तर त्याला ढकललं. भिंतीपाशी मोड्यावर बसली आणि शेणाचा गोळा घेऊन तिने म्हातारी करायला घेतली. मी आत्तापर्यंत तिला काम करताना पाहिलं होतं ते लहानपणी, न बघता पाहिलं होतं. अंगठ्याने दाबून गाल, करंगळीच्या नखाने सुरकुत्या, डोळ्यांच्या जागी दोन गुंजा, केसांना पांढरा तेरडा, एकेक पाकळी. फार वेळ लागला. वाकड्या बोटांनी पाकळी धरता येत नव्हती, गळून पडायची, छोटी उचलून द्यायची. नाक सरळ, टोकाशी थोडं वर आलेलं, हनुवटीवर खळी. माईचं नाक असं नाही. आमच्या कुणाचंच नाही.

दादा माझ्या मागे उभा होता. अगदी हळू म्हणाला, "ताईचं नाक आहे." मग तो गोठ्याकडे गेला.

मुलींनी गाणी म्हटली, आरती झाली, खिरापत मी ओळखली नाही, चुरमा होता. फोटो काढायला मोबाइल वर केला तर उजेड कमी, फ्लॅश मारला की शेण चमकतं आणि चेहरा सपाट होतो, चार काढले, चारही खराब. यादीत चोविसावं म्हणून लिहावं की नाही यावर मी रात्री बराच वेळ घालवला. दहाव्या दिवसाची आकृती करायला उद्या ही खरवडून काढणार, रोजचं खरवडलेलं टोपलीत जमा होतं आणि सर्वपित्री अमावस्येला पाण्यात सोडतात. शेवटी लिहिलं: शेण, तेरडा, गुंज, भिंतीवर, साधारण दीड फूट. आणि साइज इंचात: अठरा.

रात्री थंडी पडली होती, सप्टेंबर असून. शब-ए-मालवा म्हणतात ते काही उगाच नाही, दिवसभर कितीही घामटं निघालं तरी रात्री इथे पांघरूण लागतंच. माई कानटोपी घालून झोपली होती, तोंड उघडं. मी पेन्सिल आणि वहीचा मागचा कागद घेऊन तिचं चित्र काढायचा प्रयत्न केला, झोपलेली माणसं हलत नाहीत म्हणून. हात बटाट्यासारखे आले. ठेवलं मात्र.

दिवस पाचवा, दशमी

गाडी दुपारची. सकाळी उठून बाहेर आले तर भिंत सारवून ओली होती, म्हातारा-म्हातारी टोपलीत. छोटी शाळेला गेली होती.

पॅकिंगमध्ये वहिनीने सेव, लसूण, आणि घरचा गहू पाच किलो दिला. नको म्हटलं, ट्रेनमध्ये कोण उचलणार, तर माईने स्वतः पिशवी पुढे केली, गोणपाटाची, हाताने शिवलेली, आणि तिच्यावर एका बाजूला काळा आणि करडा रंग. मी पिशवी उलटसुलट केली. काळं रान, ओलं, रिकामं, वर करड्या आभाळाची पट्टी, कोपऱ्यात अगदी लहान एक बाई टोपली घेऊन. शिवण बरोबर क्षितिजावरून गेलेली. "कधी काढलंस?" "झाली पाच-सहा वर्षं. शाबूत आहे, घाबरू नको, गहू सांडणार नाही." ती तेवीसमध्ये नव्हती. मी गोण्यांच्या ढिगात पाहिलंच नव्हतं. गाडीची वेळ झाली होती, दादा हॉर्न वाजवत होता, ढिगात अजून किती आहेत बघायला वेळ उरला नाही.

पाया पडले. म्हणाली, पुढच्या वेळी गराडू (तळलेला कंद) खायला थंडीत ये, सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, नेते. कोण कुणाला नेणार आहे देव जाणे.

डोंबिवलीला पोचून दुसऱ्या दिवशी पिशवीचा फोटो ग्रुपवर टाकला. लोकांनी हृदयं पाठवली, कुणीतरी फ्रेम करायचं सुचवलं, काचेत, ॲसिड-फ्री माउंटवर, न्यू जर्सी खर्च द्यायला तयार. मी अजून गहूसुद्धा काढला नव्हता तिच्यातून. तेवढ्यात माईचा फोन, वहिनीने लावून दिलेला.

"पोचलीस?"

"हो माई."

"पाऊस आहे का तिकडे?"

"नाही."

"गहू डब्यात भरून टाक, कीड लागते. आणि ती थैली परत पाठव कोणी येणार असेल त्याच्या हाती. मला लागते ती."